लहान आतड्यापर्यंतच परवानगी

माणसाने आपल्या पोटाचा फार विचार करू नये, असे माझे मत आहे. मत म्हणजे तितकेसे ठाम नाही. कोणी डोळे वटारून विचारले तर मी ते परत घेईन. पण दुसऱ्याला त्याचे पोट समजावून सांगायच्या भानगडीत तरी पडू नये, हे मात्र मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक स्नायूंचा पडदा असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. पाहा, आलेच ते पुन्हा.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर एक वाचनखोली आहे. दोन कपाटे, एक लांब टेबल, थोड्या खुर्च्या आणि मी, एवढा तिचा सरंजाम. छापखान्यातून मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाल्यापासून माझी सकाळ तिथेच जाते. घरी असलो की हिला केर काढताना मला वळसा घालावा लागतो, आणि हिचे म्हणणे असे की खुर्ची निदान उचलून बाजूला ठेवता येते. त्यामुळे माझ्या लेखी ती वाचनखोली कमी आणि संसार टिकवण्याचे साधन जास्त.

एके सकाळी समितीचे अध्यक्ष हातात मोजपट्टी घेऊन दारात उभे राहिले. हे गृहस्थ वयाने माझ्या मुलाएवढे, पण आवाजाने माझ्या वडिलांएवढे आहेत. मागे चिटणीस होते. चिटणीस नेहमी मागेच असतात.

"काका, इथे कोण येतं हो?"

"मी येतो."

"तुमच्याशिवाय?"

मी आठवून पाहिले. "मागे एक जण मीटर बघायला आले होते. मीटर जिन्याखाली आहे म्हटल्यावर गेले."

अध्यक्षांनी मोजपट्टीचे एक टोक भिंतीला लावले आणि दुसरे माझ्या खुर्चीला. "जनरेटर आरामात बसेल," ते चिटणिसांना म्हणाले.

माझ्या पोटात गोळा उठला. (हा गोळा म्हणजे नेमके काय, याचा पुढे मी बराच शोध घेतला. शरीरशास्त्राच्या एकाही पुस्तकात तो नाही.) मी काहीतरी पुटपुटलो. त्यातला 'पुस्तकं' एवढाच शब्द बाहेर पोचला असावा.

"पुस्तकांचं बघू की आपण," अध्यक्ष म्हणाले. मग त्यांना माझी दया आली किंवा चिटणिसांना नियम आठवला, कोण जाणे. "असं करा काका. येत्या रविवारी इथे एक कार्यक्रम घ्या. खोली भरली, तर खोली राहिली. नाही भरली, तर जनरेटर. कबूल?"

मी कबूल म्हणालो. मला 'नाही' म्हणता येत नाही. माझे 'नाही' ओठांपर्यंत येते आणि आल्या वाटेने खाली जाते.

"विषय काय ठेवलात?" हिने विचारले.

"विरामचिन्हांचा इतिहास."

हिने हातातला डबा खाली ठेवला. "अहो, मीसुद्धा नाही येणार."

"अगं, त्यात अर्धविरामाची फार हृदयस्पर्शी..."

"लोक कशावर बोलतात ते जरा कान देऊन ऐका. मग ठरवा."

मी कान दिला आणि मला साक्षात्कार झाला. आमच्या इमारतीत राजकारणावर दोन मते आहेत, पण पोटावर जितकी बिऱ्हाडे तितकी मते आहेत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना 'कशा आहात' विचारले की त्या 'बरी आहे' म्हणत नाहीत. गॅस सध्या कुठून कुठे सरकला आहे ते बोटाने दाखवतात. आमच्या समोरचे कॅशियर, बँकेतून निवृत्त झालेले, रोज सकाळी जिन्यात भेटतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळते की आज झाले की नाही झाले. न झाल्यास ते दिवसभर कोणाशी नीट बोलत नाहीत. शिवाय एकेकाळी शरीरशास्त्राचे एक जाडजूड पुस्तक मीच तपासले होते, आणि अक्षर न् अक्षर वाचले होते. समजले किती हा वेगळा प्रश्न. मुद्रितशोधकाला आतडे कळत नसले तरी चालते, ते शुद्ध असले की झाले.

विषय ठरला : 'आपले पोट, तोंडापासून शेवटपर्यंत'.

पण चार माणसांसमोर उभे राहिलो की माझी जीभ टाळ्याला चिकटते. म्हणून मी एक युक्ती काढली. पचनाची एक चालती प्रतिकृती करायची, म्हणजे लोक तिच्याकडे बघतील आणि मी तिच्या आड उभा राहीन. मला कुठे ठाऊक होते, की भाषण फार तर फसते, प्रतिकृती वाहते.

तोंड म्हणून हिचे तेल ओतायचे नरसाळे घेतले. अन्ननलिका म्हणून नळाला लावायच्या नळीचा हातभर तुकडा. जठरासाठी हिची कंबर शेकायची रबरी पिशवी डोळ्यांसमोर होती, पण तिला एकच तोंड.

"जठराला दोन लागतात," मी चाचरत म्हणालो. "खाली एक भोक पाडावं लागेल."

"माझ्या कंबरेला?"

"पिशवीला."

"तुमचा हात लागलेल्या कुठल्या वस्तूला आजवर भोक पडलं नाही ते सांगा," ही म्हणाली, पण पिशवी दिली. का दिली ते मला तेव्हा कळले नाही. आता वाटते, जनरेटर आला असता तर मी दिवसभर घरी असतो, हे तिने माझ्या आधी ताडले होते.

खरी अडचण लहान आतड्याची. ते चांगले सहा मीटर असते. मी आधी बागेची नळी आणली, पण ती दाबली जाईना. आणि आतडे तर दाबत दाबत अन्न पुढे ढकलते, तेच त्याचे मुख्य काम. शेवटी मी पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथे पातळ प्लास्टिकची लांबच लांब पारदर्शक नळी मिळते, तिचे तुकडे करून पिशव्या बनवतात.

"काय पॅक करायचंय, आजोबा?"

मी गोंधळलो. "आतडं."

दुकानदाराने माझ्याकडे निरखून पाहिले. "कोणाचं?"

"सगळ्यांचंच. म्हणजे सर्वसाधारण. सहा मीटर पुरे."

"तोडून देत नाही. अख्खा रोल घ्यावा लागेल."

मी घेतला. रोल खांद्यावर टाकून घरी निघालो तेव्हा माझ्याजवळ एखाद्या कळपाला पुरेल एवढे आतडे होते. जिन्यात कॅशियर भेटले. चेहऱ्यावरून आजचा दिवस वाईट होता.

"हे काय?"

"लहान आतडं."

"लहान?" त्यांनी उसासा टाकला. "तुमचं बरं आहे."

बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. काकू खाली येऊन बजावून गेल्या, की पोटाचे मूळ गॅसमध्ये आहे, तेव्हा गॅस दाखवलाच पाहिजे. कॅशियर म्हणाले, मूळ पाण्यात आहे. मुलाने दूर गावाहून फोनवर सांगितले, "बाबा, इंटरनेटवर व्हिडिओ आहेत, तेच लावा ना." मी म्हटले, त्यात मी कुठे लपू? त्याला ते कळले नाही. नव्या पिढीला लपायची गरजच पडत नाही.

मग समिती. सामायिक जागेत द्रवपदार्थ वापरायचे तर अर्ज लागतो, असे चिटणिसांनी सांगितले. मी अर्ज दिला. सभेपुढे त्याचे मोठ्याने वाचन झाले. 'जठर' गेले. 'लहान आतडे' गेले. 'मोठे आतडे व तदनंतर' येथे चिटणीस अडखळले आणि त्यांनी कागद अध्यक्षांकडे सरकवला.

अध्यक्षांनी तो वाचला आणि पालथा घातला. "काका, इथे सभ्य लोक राहतात. बायकामाणसं असतील कार्यक्रमाला."

"त्यांनाही मोठं आतडं..." मी म्हणालो, पण वाक्य पुरे करायचा धीर झाला नाही.

"असेल. पण दाखवायला कशाला हवं? लहान आतड्यापर्यंतच परवानगी आहे. लिहा हो चिटणीस."

"पण अन्न तिथून पुढे जायला पाहिजे ना," मी अगदी हळू म्हणालो. "नाहीतर ते साचेल."

"ते या समितीच्या अखत्यारीत येत नाही."

ठराव एकमताने झाला. निसर्गाने इतकी वर्षे जे अव्याहत चालवले होते, ते आमच्या समितीने हात वर करून थांबवले. 'शेवटपर्यंत' हा शब्दही सूचनाफलकावरून खोडण्यात आला. आता तिथे नुसते 'आपले पोट, तोंडापासून' एवढेच उरले. आयुष्यभर लोकांची अपुरी वाक्ये पुरी केली, आणि माझ्याच नावाखाली हे असे लटकत राहिले.

रविवार उजाडला. मी मनाशी धरून चाललो होतो की ही, काकू आणि मीटरवाला, एवढेच येतील. पण लोक येतच राहिले. खुर्च्या संपल्या, तेव्हा वरून स्टुले आली. विरामचिन्हांना यातला एकही आला नसता, या विचाराने मला क्षणभर वाईटही वाटले.

खोली भरली हे पाहून अध्यक्षांच्या कपाळावर आठी चढली. ते म्हणाले, "भरली खरी. पण कार्यक्रम धड व्हायला हवा. गोंधळ झाला तर ही गर्दी धरायची नाही." म्हणजे खोलीचा जीव अजूनही टांगणीलाच होता, आणि टांगणीचे दुसरे टोक माझ्या हातात.

मी उभा राहिलो. जीभ ठरल्याप्रमाणे टाळ्याला चिकटली. मी हातानेच दाखवायला लागलो, आणि राहिलेले ही बोलली. अशी तऱ्हा आमच्याकडे पूर्वीपासून आहे.

"यांचं म्हणणं असं," ही म्हणाली, "की आतडं एकटं काही करत नाही. त्याचा एकेक भाग आवळतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. आता आपण सगळे आतडं व्हायचं."

ही माझी खरी कल्पना होती, आणि तिचा मला अजूनही थोडा अभिमान आहे. नळी खुर्च्यांच्या ओळींतून नागमोडी फिरवली, आणि प्रत्येकाने मांडीवरचा आपापला भाग धरला. घास आला की आवळायचा, आणि शेजाऱ्याकडे ढकलायचा. ज्या इमारतीत गाडी लावण्यावरून लोक एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, तिथे सगळे एकाच आतड्याने जोडले गेले.

जठराच्या खालच्या तोंडाशी कॅशियरना बसवले. तिथे एक झडप असते, ती अन्नाला थोडे थोडे करून सोडते. कपड्यांचा चिमटा हातात देताच त्यांची पाठ ताठ झाली. "एकेक करून. गर्दी करायची नाही," ते रबरी पिशवीला म्हणाले. काकू स्वादुपिंड झाल्या. जठरातले आम्ल शमवायला स्वादुपिंडातून क्षारयुक्त रस येतो. म्हणून जठरात व्हिनेगर आणि काकूंकडे खायच्या सोड्याचे पाणी, असा मी बेत केला होता. पित्त चरबी सुटी करते, साबणासारखे. म्हणून भांड्यांचा साबण. शास्त्राच्या दृष्टीने सगळे बिनचूक होते. माझ्या चुका नेहमी बिनचूक असतात.

राहिले नळीचे शेवटचे टोक. तिथे मी एक बादली ठेवली होती. अध्यक्षांनी ती पायाने बाजूला सारली.

"ही कशाला?"

"समजा काही आलंच तर..."

"ठराव काय झाला आहे? इथे संपायचं म्हणजे संपायचं." त्यांनी खुर्ची ओढली, टोक हाताला गुंडाळले आणि मूठ आवळली. "मी स्वतः धरून बसतो. बघू कसं पुढे जातं ते."

मला त्यांना सांगायचे होते की आपण जिथे बसला आहात ती जागा फारशी मानाची नाही. पण अध्यक्षांना असे कोणत्या शब्दांत सांगावे? शब्द शोधेपर्यंत हिने नरसाळ्यात केळ्याचा आणि पावाचा कालवलेला घास टाकलाही होता.

घास खाली उतरला. जठरात व्हिनेगर डुचमळले. कॅशियरनी चिमटा उघडला, थोडे सोडले, मिटला. काकूंनी आपले पाणी ओतले, साबणही गेला. नळीत पांढरा फेस दिसू लागला. टाळ्या पडल्या.

"आला, आला, माझ्याकडे आला!" पहिल्या ओळीतले शिंपी ओरडले.

"मग ढकला की पुढं! बसलात काय कुरवाळत?"

"ढकललाय. तुमच्या पलीकडच्या बाई आवळत नाहीत, तिथं तुंबतंय."

"मी आवळतेच आहे! तुम्ही मागे घेताय!"

तरीही घास सरकत होता. ओळीमागून ओळ, मांडीवरून मांडीवर. मी टाळ्याला चिकटलेली जीभ विसरून मोठ्याने म्हणालो, "सावकाश, सावकाश! इथेच सगळं शोषलं जातं!" आणि चकित झालो. तो आवाज माझा होता.

फेस मात्र वाढतच होता. नळी फुगून दंडाएवढी झाली.

"काकू, सोडा किती घातलात?" मी विचारले.

"तुम्ही दिलेला, आणि वर माझ्या घरचा," काकू समाधानाने म्हणाल्या. "म्हटलं, गॅस दिसू दे लोकांना."

गॅस दिसला. नळी कुरकुरली. मी अध्यक्षांना हात जोडले. "साहेब, सोडा आता."

"सोडणार नाही," अध्यक्ष म्हणाले. चेहरा लाल, मूठ घट्ट. "लहान आतड्यापर्यंतच!"

शरीरशास्त्राचा नियम असा, की खालून वाट मिळाली नाही की गोष्टी वर येतात. फेसाची एक लाट ओळींमधून उलटी धावली. जो तो आपला भाग आवळून फेस आता मागच्या शेजाऱ्याकडे ढकलत होता. इतका एकोपा मी इमारतीत पाहिला नव्हता. कॅशियर "काउंटर बंद, काउंटर बंद!" म्हणत चिमट्याला लोंबकळले. तो तुटला. हिची रबरी पिशवी गरगरीत फुगली, आणि मी काय होते आहे ते बघायला नरसाळ्यावर वाकलो. मुद्रितशोधकाची सवय. नीट जवळून बघितल्याशिवाय चूक सापडत नाही.

सापडली. ती केस, चष्मा आणि सदऱ्याच्या आतपर्यंत सापडली.

माझी ती दशा पाहून सगळी खोली हसली, आणि त्यात अध्यक्षही हसले. हसता हसता त्यांची मूठ सैल झाली. उरलेले सगळे, केळ्यासकट, ठराव मोडून त्यांच्या मांडीवर आले.

चष्म्यावरच्या फेसातून मला अध्यक्ष अंधुक दिसत होते, आणि त्यांच्या जागी तेवढाच मोठा एक जनरेटर.

"गोंधळ झाला आहे," चिटणीस मागून म्हणाले. "सर्वांच्या देखत. तेव्हा खोली..."

"एक मिनिट," कॅशियर उठले. हातात तुटका चिमटा. "पण पुढे काय होतं?"

"कशाच्या पुढे?"

"लहान आतड्याच्या. माझी अडचण तिथून पुढेच आहे. त्यासाठी तर मी आलो."

"मीही," शिंपी म्हणाले.

"आम्हीही त्यासाठीच," मागून एका बाईंचा बारीक आवाज आला, आणि खुर्च्यांमधून मोठी कुजबुज उठली. सभ्य लोक राहतात खरे आमच्या इमारतीत, पण सगळे एकाच गोष्टीसाठी आले होते.

चिटणिसांनी अध्यक्षांच्या कानाला लागून सांगितले, की कार्यक्रम अपुरा असेल तर तो झाला असे धरता येत नाही, आणि झालाच नाही तर खोलीचा निर्णयही घेता येत नाही. अध्यक्षांनी रुमालाने मांडी पुसली. बराच वेळ पुसली. मग म्हणाले, "जाहीरपणे नाही. ते मी होऊ देणार नाही. ज्यांना विचारायचं असेल त्यांनी एकेकट्यानं यावं. काका सकाळी इथे असतातच. तोवर खोली राहील."

"तोवर म्हणजे कधीपर्यंत?" मी विचारले.

"सगळ्यांचं होईपर्यंत," अध्यक्ष म्हणाले, आणि कोणी हसते आहे का ते पाहू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिले अध्यक्षच आले. मोजपट्टी नव्हती. त्यांनी दार लोटले, समोर बसले आणि टेबलाकडे बघत, माझ्या वडिलांच्या नव्हे तर माझ्या मुलाच्या आवाजात म्हणाले, "काका, माझं गेले काही दिवस..." मी डॉक्टर नाही, हे मला सांगायचे होते. ते ओठांपर्यंत आले आणि खाली गेले. मी म्हटले, पाणी जास्त प्या, चाला, आणि तरीही नाही झालं तर खऱ्या डॉक्टरांकडे जा. या बाबतीत मूठ आवळून काही होत नाही. ते बराच वेळ मान हलवत राहिले.

आता रोज सकाळी रांग असते. सगळ्यांचे होणे काही दृष्टिपथात नाही, कारण ज्यांचे होते त्यांचे पुन्हा अडते. कोपऱ्यात एक जण माझ्या कानाशी कुजबुजत असतो, आणि बाकीचे टेबलाभोवती आपल्या पाळीची वाट बघत बसतात. नुसते बसून कंटाळा येतो, म्हणून कपाटातले हाताला लागेल ते घेतात. शिंप्यांनी एक जाडजूड प्रवासवर्णन संपवले. काकू कवितांवर आहेत. परवा कॅशियरना हाक मारली तर म्हणाले, "थांबा हो, एवढं प्रकरण होऊ द्या," आणि आपली पाळी पुढच्याला देऊन टाकली.

ही म्हणते, तुमचं वाचनालय चाललं की हो. चालले खरे. सध्या इमारतीत न वाचणारा माणूस एकच उरला आहे, आणि त्याला मान वर करायलाही फुरसत नाही.